अंधारात शंभरापर्यंत

हणमंत सोनकांबळे यांच्याकडे जहाज नव्हतं. ट्रक नव्हता, गोदाम नव्हतं, वजनकाटाही नव्हता. एक स्कूटर होती, तिची सीट फाटलेली, म्हणून तिच्यावर बारा महिने प्लास्टिकचं पोतं बांधलेलं. दोन फोन होते आणि एक वही होती. एवढ्या सामानावर हा माणूस नांदेडची हळद समुद्रापलीकडे पोचवायचा. लातूरच्या दोन-तीन डाळमिलवाल्यांची कामंही तेच बघायचे. माझी बावीस वर्षं हिशेबात गेली. ज्याच्या मालमत्तेच्या रकान्यात लिहायला काही सापडत नाही, त्याच्याच फोनची सगळ्यांनी वाट बघत बसायचं, हे गणित मला कधी पटलं नाही.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना वाचणाऱ्याने तेवढी वजावट करून घ्यावी.

आमचा कारखाना नांदेडच्या एमआयडीसीत आहे. वाळलेली हळद येते, तिला पॉलिश होतं, पंचवीस-पंचवीस किलोच्या पोत्यांत भरली जाते आणि त्यातली बरीचशी बाहेरदेशी जाते. माझ्याकडे हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं. सोनकांबळे आमचे फॉरवर्डर. म्हणजे जहाजात जागा धरायची, रिकामा कंटेनर मागवायचा, भरलेला बंदरावर वेळेत पोचवायचा, कस्टमचे कागद करून घ्यायचे आणि माल पलीकडे उतरेपर्यंत त्याच्या मागावर राहायचं. आमचे हमाल कंटेनरला डबा म्हणतात. सोनकांबळेही डबाच म्हणायचे.

हमालांचा मुकादम गंगाधर याने एकदा त्यांना तोंडावरच विचारलं होतं, "भाऊ, हळद शेठची, डबा जहाजवाल्याचा, गाडी तिसऱ्याची. मग तुमी नेमकं करता काय?"

सोनकांबळे पोत्यांच्या थप्पीला टेकून चहा पीत होते. म्हणाले, "गंगाधर, लग्नात पोरगी एकाची असती, पोरगा दुसऱ्याचा, मांडव तिसऱ्याचा, आचारी चौथा. पण जेवण टाइमाला झालं न्हाई तर शिव्या कुणाला बसतात?"

"पोरीच्या मामाला."

"हाव. मी तो मामा."

हमाल खोखो हसले. शेठसुद्धा हसले. मी त्या आधीच्या महिन्यात शेठना फॉरवर्डरच्या कामाची बारा मुद्द्यांची टिपणी करून दिली होती, ती त्यांनी दुसऱ्या पानापर्यंतही वाचलेली नव्हती.

सोनकांबळे मूळचे जळकोटकडचे. अंगाने किरकोळ, डोळे बारीक, आवाज मात्र असा की फोन लावायची गरजच काय, असं वाटावं. ते आमच्या गेटजवळ फोनवर बोलले तर मला वर टेबलाशी शब्दन् शब्द ऐकू यायचा. फोन उचलला की "हॅलो" नाही, "नमस्कार" नाही. पहिलं वाक्य ठरलेलं: "माल कुठं हाय?" समोरून कुणी "निघालाय साहेब" म्हटलं की ते म्हणायचे, "निघालाय हे गावाचं नाव न्हाई. गाव सांगा."

हे वाक्य चांगलं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच ते मी कधी वापरलं नाही.

त्यांची वही मी एकदा चाळली होती. ते हात धुवायला गेले होते आणि वही माझ्या टेबलावर होती. मला वाटलं होतं, दर असतील, तारखा असतील. होती ती माणसं. पाटोद्याजवळच्या ढाब्याचा मालक. नगरच्या अलीकडे पंक्चर काढणारा एक जण, त्याच्यापुढे कंसात 'कानाने कमी ऐकतो, दोनदा सांगणे'. कुठल्याशा ड्रायव्हरच्या आईचा नंबर. पुढे एकदा आमचा भरलेला ट्रेलर वाटेत बेपत्ता झाला, ड्रायव्हरचा फोन बंद, जहाजाची वेळ दुसऱ्या दिवशीची. शेठ केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. मी अंतर, वेग आणि विश्रांतीचे तास धरून गाडी कुठे असायला हवी ते काढलं होतं. सोनकांबळ्यांनी तिसऱ्या फोनला गाडी खरोखर कुठे आहे ते काढलं. ड्रायव्हरला ताप भरला होता आणि तो त्या ढाब्याच्या बाजेवर पडून होता. ढाबेवाल्याच्या ओळखीचा दुसरा ड्रायव्हर बसवून त्यांनी गाडी पुढे काढली. माझा आकडा सोळा किलोमीटरने चुकला होता. मी तसं बोलून दाखवलं, म्हणजे हिशेब फारसा चुकला नव्हता, एवढंच सांगायचं होतं. कुणी ऐकलं नाही.

हे ऑफिसात होतं तोवर ठीक होतं. पण ते माझ्या घरातही शिरलं.

माझी मुलगी लग्नानंतर बंगळूरला गेली. तिचं कपाट, शिवणयंत्र, पलंग आणि आजीकडून आलेला मोठा आरसा पाठवायचा होता. मी तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडून दर घेतले, तक्ता केला, फायदे-तोटे मांडले. दहा दिवस गेले. एका रविवारी सोनकांबळे कसल्याशा सहीसाठी घरी आले. माझ्या बायकोने, सुनंदाने, चहा देता देता त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी तिथूनच एक फोन केला. बंगळूरहून यंत्रांचे भाग घेऊन आलेली एक गाडी सोमवारी रिकामी परत चालली होती. सोमवारी सामान गेलं. जाण्याआधी त्यांनी स्वतः गाडीत चढून आरसा दोन गाद्यांच्या मधे उभा बांधून घेतला. "वहिनी, काच आडवी झोपवली की मरती. उभी ऱ्हायली की जगती."

आरशाला ओरखडा आला नाही. हे मला आमच्या घरात त्यानंतर किती वेळा ऐकावं लागलं त्याची नोंद मी ठेवली नाही, ठेवायला हवी होती. गॅस संपला, नळ गळला, काहीही झालं की सुनंदा म्हणायची, "सोनकांबळे भाऊजींना विचारून बघा की."

मी त्यांच्यात खोट शोधत होतो, हेही खरं. एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तुम्ही एवढा माल पाठवता, समुद्रात आत कधी गेलात का?"

"आत सोडा, समुद्रच बघितला न्हाई."

"बंदरावर तर दर दोन महिन्यांनी जाता."

"बंदर लई येळा बघितलं. तिथं भिंत हाय, गेट हाय, क्रेनी हायत. डबे एवढे उंच की पलीकडं काय हाय दिसतच न्हाई. काम झालं की रातच्या गाडीनं वापस." भाकरीचा तुकडा मोडत ते हसले. "आता जाऊन बघायची भ्या वाटती. एवढ्या पाण्यात आपण लोकांचा माल सोडून राहिलो, ते कळलं तर झोप यायची न्हाई."

मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं, तुझ्या भाऊजींनी समुद्रही पाहिलेला नाही. ती म्हणाली, "बघा ना, तरी किती नीट पोचवतात."

आता मुख्य गोष्ट. सोनकांबळ्यांची एक पद्धत होती. रिकामा डबा कारखान्यात आला की ते बूट काढून आत जायचे आणि गंगाधरला दोन्ही दारं बाहेरून घट्ट लावायला सांगायचे. आत मिट्ट काळोख. छताला, कोपऱ्याला टाचणीएवढं जरी भोक असलं तरी तिथून उजेड दिसतो. आणि जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं. हळदीला पाणी लागलं की संपलं. ही तपासणी सगळेच करतात म्हणे, पण आत जाऊन वर बघितलं न बघितलं असं करून बाहेर येतात. सोनकांबळे आत शंभरापर्यंत मोजायचे, मोठ्याने. "पहिले पन्नास आकडे डोळा आंधळाच असतो," ते म्हणायचे. "बाहेरचा उजेड डोळ्यात उरलेला असतो. तो निघून जाऊ द्या, मग भोक दिसतंय."

बाहेर आम्ही सगळे उभे आणि आतून पत्र्यातून घुमत येणारा त्यांचा आवाज: एक्केचाळीस, बेचाळीस. हमाल काम थांबवून ऐकायचे. शंभर झाले की दार उघडायचं आणि ते घामाने निथळत, अंगाला गंज लागलेला, डोळे बारीक करून बाहेर यायचे. भोक सापडलं असेल तर खडूने बाहेरून गोल करून डबा परत पाठवायचे. मला हे सगळं नाटक वाटायचं. आकडे मोजायचं काम माझं, आणि त्याच्यावर वाहवा यांची.

एका मे महिन्यात त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न जळकोटला होतं. इथे ते खरेखुरे मामा होते, जाणं भागच होतं. नेमका त्याच दिवशी डबा आला. सकाळीच त्यांचा फोन आला, मागे वाजंत्री.

"बिरादार साहेब, आज तेवढं माझं काम तुमी करा. दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई."

"करतो."

"आत जावा, दारं लावून घ्या, शंभर आकडे मोजा. घाई करू नका. कागदावर सही करा आन् डब्याम्होरं उभं राहून एक फोटो पाठवा."

"सोनकांबळे, मला मोजता येतं."

"तुमच्याइतकं कुणाला येतंय?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा टोमणाच वाटला.

दुपारी बाराला मी डब्यापाशी गेलो. पत्र्याला हात लावला तर पोळला. मी पांढरा शर्ट घातला होता. तीनला बँकेत जायचं होतं. हमाल बघत होते. गंगाधरच्या तोंडावर हसू होतं, म्हणजे मला तरी तसं दिसलं. आता मीही आत जाऊन ओरडत आकडे मोजणार आणि हे सगळे त्यांची माझी तुलना करणार. मी दाराशी उभा राहिलो, मोबाइलची बॅटरी लावून आत चारी कोपरे पाहिले. बाहेरून एक फेरी मारली. काही दिसलं नाही. तपासणीच्या कागदावर एक ओळ होती: 'दारे बंद करून आतून पाहिले.' त्यापुढे मी 'होय' लिहिलं आणि सही केली. गंगाधरने फोटो काढला. मी तो पाठवला.

न मोजता एक पोतंही मी कधी लिहिलेलं नाही. शिपायाच्या चहाच्या पावतीवरही बेरीज तपासूनच सही करतो. त्या दिवशी जे पाहिलं नाही त्यावर सही केली, आणि कारण उन्हाचं नव्हतं.

सात आठवड्यांनी पलीकडच्या खरेदीदाराचा मेल आला. पाचशे साठ पोत्यांपैकी एकोणीस भिजलेली, काळी बुरशी. सोबत फोटो होते. छताच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात तिळाएवढं भोक, बाजूला त्यांच्या माणसाचं बोट.

शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"डबा कोणी तपासला होता?"

कागद माझ्याच हातात होता. त्यावर माझी सही होती. मी म्हणणार होतो की डबा वाटेत कुठेतरी आपटला असेल, भोक नंतर पडलं असेल. ते वाक्य मी रात्रभर तयार केलं होतं. पण सोनकांबळ्यांनी फोन काढला, काहीतरी उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. फोन खिशात ठेवला.

"शेठ, त्या दिवशी मी जळकोटला होतो. काम माझं होतं, मी दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. चूक माझी हाय."

"म्हणजे बिरादारांची नाही?"

"डबा बघणं फॉरवर्डरचं काम असतंय. बिरादार साहेबांचं न्हाई."

मी गप्प राहिलो. एवढं एकच लिहायचं म्हणून हे सगळं लिहिलं, असंही म्हणता येईल. मी गप्प राहिलो.

शेठ रागीट नाहीत, पण व्यवहाराला पक्के. त्यांनी आमचं बहुतेक काम हैदराबादच्या एका फॉरवर्डरला दिलं. सोनकांबळ्यांकडे वर्षाला दोन-चार डबे राहिले. आमच्याकडचं सुटलं म्हणून लातूरच्या एका डाळमिलवाल्यानेही हात आखडता घेतला, असं कानावर आलं. आणि मला शेठ म्हणाले, "बिरादार, इथून पुढं फॉरवर्डरवर लक्ष तुम्ही ठेवायचं." म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. नव्या फॉरवर्डरचे मेल वेळेवर यायचे, मायना बिनचूक असायचा. मी फोन करून विचारलं, माल कुठे आहे, तर उत्तर यायचं, "निघालाय सर." त्यापुढे काय म्हणायचं ते मला पाठ होतं. तरी मी म्हणू शकलो नाही. ते वाक्य माझं नव्हतं.

त्याच सुमाराला एका रविवारी मी घरी घड्याळ लावून शंभर आकडे मोजले. सावकाश. एक मिनिट चाळीस सेकंद लागले. सुनंदाने विचारलं, काय करताय? मी म्हटलं, काही नाही.

सोनकांबळे मात्र होते तसेच वागत होते. दिसले की चहा, मुलीची चौकशी, "आरसा बरा हाय ना?" मला वाटायचं, यांनी एकदा तरी तिरकस बोलावं, म्हणजे फिटंफाट होईल. ते बोलायचे नाहीत. त्याचाही मला हेवा वाटला. उपकार करून विसरून जायची ऐपतही देवाने यांनाच द्यावी?

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या वाट्याचा एक डबा आला. स्कूटर त्यांचा भाचा चालवत होता, ते मागून उतरले तेव्हा पायाने जमीन चाचपत होते. साखरेने डोळ्यांवर परिणाम झाला होता. डब्याच्या दारापाशी उभे राहून मला म्हणाले, "साहेब, आता मला बारीक काही दिसत न्हाई. आत गेलो तर नुसतं नाटक हुईल. तुमी जावा."

नाटक हा शब्द मी त्यांच्यासमोर कधीच वापरला नव्हता.

मी बूट काढले आणि आत गेलो. पांढरा शर्टच होता. माझ्याकडे दुसऱ्या रंगाचे नाहीत. दारं बंद झाली. बाहेरून अडसर पडल्याचा आवाज झाला. आत भट्टी होती आणि जुन्या रंगाचा वास. डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे डाग नाचत होते.

"मोठ्यानं मोजा," बाहेरून आवाज आला. "मला ऐकू आलं पायजे."

मी मोजायला लागलो. तिसापर्यंत पाठीवरून घामाची धार सुटली. पन्नासला डाग विरले. अंधार नुसता अंधार झाला. बासष्टला उजव्या भिंतीत, वर, एक टिंब दिसलं. अगदी सुईच्या टोकाएवढं. मग माझ्या ध्यानात आलं, की त्या दिवशीही ते असंच दिसलं असतं. त्र्याहत्तरला मी मोजायचा थांबलो.

"का थांबलाव?"

"सोनकांबळे," मी म्हणालो, "त्या दिवशी मी आत आलोच नव्हतो."

मग पत्र्याजवळून, नेहमीपेक्षा हळू, ते बोलले. "माहीत हाय. फोटोत शर्ट कोरडा होता. मे महिन्यात आतून शंभर मोजून आलेल्या माणसाचा शर्ट कोरडा ऱ्हात न्हाई, साहेब."

म्हणजे केबिनमध्ये त्यांनी फोनवर तेच पाहिलं होतं. मी आयुष्यभर कागद तपासले, पण माझ्याच फोटोत काय दिसतंय ते मी पाहिलं नव्हतं.

"मग शेठना सांगितलं का नाही?"

"तुमची नोकरी एक हाय. माझ्याकडं तवा आणखी चार गिऱ्हाइकं होती." मग म्हणाले, "मोजा फुडं. त्र्याहत्तर झालते."

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

शंभर झाले. दार उघडलं. बाहेरचा उजेड डोळ्यांत घुसला. त्यांनी आधी माझ्या शर्टाला हात लावून पाहिला, ओला आहे ना, आणि मग विचारलं, "कुठं हाय भोक?" मी उजवी भिंत दाखवली. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

गोल काढून मी तसाच, शर्ट अंगाला चिकटलेला, बाहीला गंज, शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या मे महिन्याचा कागद काढून समोर ठेवला आणि 'होय'वर बोट ठेवलं. शेठनी चष्मा लावून तो कागद वाचला. मग म्हणाले, "तुमचं मागून बघू. आधी त्यांना वर बोलवा."

मी जिना उतरून आलो तोवर सोनकांबळे निघाले होते. भाचा स्कूटर चालवत होता, ते मागे त्या प्लास्टिकच्या पोत्यावर बसले होते, कानाला फोन. मी हाक मारली. पोचली नाही, माझा आवाज तेवढा नाही. त्यांचा मात्र गेटाबाहेर वळेपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता. समोरचा कुणीतरी डबा बदलून द्यायला कुरकुर करत असावा.

"भोक हाय म्हणजे हाय! आपल्या बिरादार साहेबांनी सोता आत जाऊन बघितलंय. त्या माणसानं मोजलं की मोजलं. दुसरा डबा पाठवा."